माझ्या टाचेचं म्हणणं

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. यात माझं कर्तृत्व शून्य, हाल झाले ते आईचे. पण आमच्या संगमेश्वराकडच्या गावांत पायाळू माणसाला भारी मान. पाठीत उसण भरली, कंबरेत चमक आली, की आधी पायाळूला बोलावणं जातं. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने त्याच्या पाठीवर तीनदा टाच लावायची, की उसण उतरते म्हणे. लहानपणी शाळेतून येताना मला कुणीही हाक मारून आत घ्यायचं. "बाय, जरा पाय लाव गो." समोर कुणातरी काकांची तेल चोपडलेली, घामट पाठ. मला शिसारी यायची. घरी येऊन मी न्हाणीच्या दगडावर टाच घासघासून धुवायची, आणि आई म्हणायची, पुण्याचं काम आहे, तोंड वाकडं करू नकोस.

लग्न झालं तेही त्याच तालुक्यात. आम्ही नवराबायको चिपळूणला राहतो, मी तिथं शिवणाचे क्लास घेते. गावच्या घरी मोठे दीर आणि जाऊ. दिरांना मी भावोजी म्हणते आणि जावेला वहिनी. गणपतीला आणि शिमग्याला आम्ही सगळे गावी जमतो, आणि जमलो की कुणाची ना कुणाची पाठ माझी वाट बघत असतेच. वय पन्नाशीला आलं तरी माझी टाच काही रिटायर झाली नाही.

मला सांगायचं आहे ते वहिनींबद्दल. पण आधी भावोजींच्या ढेकराबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय माझा संताप कुणाला कळायचा नाही.

एका वर्षी जेवणात ओल्या काजूगरांची उसळ होती. भावोजी तीन माणसांचं एकटे जेवले आणि वर ताकाचा तांब्या रिकामा केला. जेवून उठले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "भरून आलंय." बस्स! अख्खी वाडी धावली. कुणी चपला न घालता गाडी आणायला पळालं, कुणी छातीला तेल चोळलं. देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं, पुतण्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मुंबईला फोन गेला. भात निवायच्या आत भावोजी चिपळुणात मोठ्या हॉस्पिटलात पोचले. कार्डिओग्राम झाला, इको झाली, अँजिओग्राफीसुद्धा झाली. सगळं स्वच्छ. मग खाटेवरच त्यांनी एक लांबलचक ढेकर दिला आणि त्यांना बरं वाटलं. डॉक्टर हसून म्हणाले, गॅस होता.

असू दे. तपासलं ते चांगलंच केलं, त्याला माझी ना नाही. पण त्या दिवसापासून भावोजी घरातले हार्ट पेशंट झाले! रिपोर्ट स्वच्छ असूनही. त्यांची भाजी वेगळी, अळणी. त्यांना मोठ्याने बोलायचं नाही, त्यांनी विहिरीवर जायचं नाही. कार्डिओग्रामच्या वेळी छातीवरचे केस कसे काढले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला शर्टाची बटणं उघडून दाखवायचे. ती अळणी भाजी करायच्या वहिनी. पाणी भरायच्या वहिनी. कलमांना शेण घालायला टोपली डोक्यावर घेऊन पाखाडी चढायच्या त्याही वहिनीच. पाखाडी म्हणजे आमची जांभ्या दगडाची पायवाट, आमच्या घरापासून वर रस्त्यापर्यंत नुसत्या पायऱ्या.

मग एका गणपतीत मी पहिल्यांदा पाहिलं, वहिनी पाखाडीच्या मध्येच बसल्या होत्या. चेहरा पांढरा. म्हटलं, काय झालं? "दम लागतो गो हल्ली. आणि हिकडं ओढतं," असं म्हणून त्यांनी हनुवटीखाली बोट लावलं. घरात आल्यावर मी विषय काढला तर शेजारच्या म्हाताऱ्या चुलत सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "पित्त हाय तिचं. आमसूल चोखत ऱ्हा." झालं. आमच्याकडे बायकांना एकच रोग होतो, पित्त. डोकं दुखलं पित्त, चक्कर आली पित्त, झोप नाही पित्त, रडू आलं तरी पित्तच. आणि औषधही एकच, आमसूल. वहिनींच्या पदराच्या टोकाला आमसुलाची काळीभोर साल गाठ मारून बांधलेली असायची. चालता-चालता तोंडात टाकायच्या. चांगलं लुगडं असलं तरी त्या गाठीचा डाग असायचाच.

हनुवटीखालचं ओढणं वाढलं तेव्हा दाढ किडली असेल असं ठरलं. आधी लवंग धरली, मग दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि दाढ काढून टाकली. मला फोनवर वहिनी सांगत होत्या, "दाढ काढली गो, पण दुखायचं तिथं दुखतंच. मेल्यान् भलतीच काढली की काय कोण जाणे!" आणि हसल्या. मीही हसले. आता त्या हसण्याची आठवण आली तरी तोंड कडू होतं.

दम लागतो म्हटल्यावर वजन कमी कर म्हणाले. थकवा येतो म्हटल्यावर पाळी जायच्या वेळी असं होतंच म्हणाले. मळमळतं म्हटल्यावर पुन्हा आमसूल. एका बाईच्या शरीराचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका सबबीला वाटून टाकला होता. सगळं मिळून एकच काहीतरी असेल, असा विचार कुणाच्या डोक्यात येईना.

मग शिमगा आला. आमच्या घरी ग्रामदेवतेची पालखी यायची म्हणजे मोठा घाट. घर सारवायचं, पुरणपोळ्या, खणानारळाची ओटी, मुंबईहून आलेल्यांचा राबता. पुतण्या गाडी घेऊन आला होता. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी वहिनी चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेल्या. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जडशीळ दुखतंय म्हणाल्या, आणि डावा हात गळून गेलाय. दोनदा उलटी झाली होती. मी भावोजींना म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. ते कुरकुरत उठले, "पालखी तोंडावर आणि हिचं हे." पुतण्याने गाडी काढली, आम्ही बाजारातल्या डॉक्टरांकडे गेलो.

पुढचं सांगताना अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. वहिनी डॉक्टरांच्या समोर स्टुलावर बसलेल्या. भावोजी बाजूला खुर्चीत. डॉक्टरांनी मान वळवून भावोजींना विचारलं, "काय होतंय यांना?"

"पित्त आहे हो, जुनं."

"वय?"

"किती गो तुझं वय?" भावोजींनी वहिनींना विचारलं आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, "असेल पंचावन्न."

"टेन्शन घेतात का?"

"सवयच आहे तिला. कशाचंही घेते."

एवढं झाल्यावर डॉक्टरांना पेशंट दिसला. "छातीत दुखतं का?"

वहिनी खऱ्या बाई. जे आहे तेच सांगायच्या. म्हणाल्या, "छातीत नाही. पाठीत. आणि इथं जबड्यात ओढतं." पण "छातीत नाही" एवढं ऐकून डॉक्टरांचं पेन कागदावर चालायला लागलं होतं. पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, कार्डिओग्राम काढा ना एक."

"काढू की," ते म्हणाले, "पण आज सिस्टर नाही, आत कंपाउंडर आहे. ब्लाऊज काढावा लागेल. चालेल का?" आणि हे विचारलं कुणाला? भावोजींना! छाती कुणाची, चालेल का कुणाला!

भावोजी म्हणाले, "छे छे, कशाला उगाच." वहिनींनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. मी म्हटलं, मी आत उभी राहते, चादर द्या, मी धरते. तर डॉक्टर म्हणाले, "तशी गरज वाटत नाही. गॅसेस आहेत. बायकांना छातीचा त्रास इतक्यात नसतो हो, हे आतून टेन्शनचंच असतं." आणि एक इंजेक्शन ठोकलं. स्वतःची छाती गावभर दाखवत फिरणारा माणूस बायकोचा पदर जपत गाडीत बसला. मला त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायचीसुद्धा किळस आली.

सकाळी गॅसवर पुरण शिजत होतं. फाल्गुन असला तरी आमच्याकडे पहाटेचा गारवा असतो, अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. वहिनी पुरण घाटता-घाटता खाली बसल्या त्या उठेचनात. पाठ धरून कण्हायला लागल्या. घरातले जमले. काल डॉक्टरांनी बघितलंय, गॅसचं इंजेक्शन झालंय, म्हणजे आता राहिली काय? उसण! भांडी उचलताना भरली असणार. आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरात पायाळू असताना काळजी कसली?

"लाव गो पाय," वहिनीच म्हणाल्या. "तेवढंच बरं वाटलं तर पालखीपर्यंत उभी ऱ्हाते."

त्या पालथ्या पडल्या. अंगात मी शिमग्यासाठी शिवलेला नवा हिरवा ब्लाऊज. मी टाच ठेवली आणि दचकलेच. ब्लाऊज चिंब होता. पाण्यातून काढल्यासारखा. आणि तो घाम गार होता. इतक्या पाठींना पाय लावले जन्मात, घामट पाठ मला नवी नाही. पण ती गरम असते. ही पाठ गार पडलेली होती आणि आतून श्वास भात्यासारखा लागला होता. तरी तीनदा टाच लावली.

"उतरली?" चुलत सासूबाईंनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "वाढतंय गो."

मी सांगितलं, हे हृदयाचं आहे, आत्ताच्या आत्ता चिपळूणला न्यायचं. झालं, सगळे माझ्यावर तुटून पडले. भावोजी म्हणाले, काल डॉक्टरांनी सांगितलं ना. पुतण्या म्हणाला, काकू, आई नेहमीच असं करते, आणि छातीत दुखत नाहीये ना तिला. माझा नवरा म्हणाला, तू उगाच घाबरवू नकोस. कुणी म्हणालं, पालखी दारात आणि घरची बाई हॉस्पिटलात, शोभतं का? वहिनी खाली पडून म्हणत होत्या, मला बरं वाटत नाही हो. त्यांचं ते म्हणणं त्या गोंगाटात एखाद्या मांजराने म्यांव केल्यासारखं कुठेतरी राहून गेलं.

तेव्हा मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, संतापाच्या भरात तोंडातून निघालं. मी चुलत सासूबाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी पायाळू आहे की नाही?"

"हायस की."

"माझी टाच तीनदा लागली की नाही?"

"लागली."

"उसण उतरली?"

"नाय."

"मग ती उसण नाहीच! उसण असती तर माझ्या पायाखाली राहिली असती का?"

म्हातारीने वहिनींकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "खरं हाय. पायाळूच्या पायाला उसण ऱ्हात नाय. ह्ये दुसरं कायतरी हाय. बाहेरचं असंल."

"बाहेरचं नाही," मी ओरडले, "आतलं आहे!"

भावोजी उठले. पुतण्याने किल्ली घेतली. दोघांनी मिळून वहिनींना उचललं आणि पाखाडी चढवून गाडीत घातलं. मघाशी ज्यांना वेळ नव्हता तेच आता एकमेकांवर ओरडत होते, चला, चला. बघा म्हणजे! बाई गणपतीपासून तोंडाने सांगत होती, त्याला किंमत नाही. माझ्या टाचेने सांगितलं तर लगेच गाडी निघाली. बाईच्या जिभेपेक्षा पायाळूची टाच खरी. मला सुटका वाटायला हवी होती. वाटली ती किळस.

हायवेचं ते कधीच न संपणारं काम, धूळ, एका बाजूने सोडलेल्या गाड्या. वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर. मध्येच डोळे उघडून म्हणाल्या, "पुरण करपेल गो. गॅस बंद केलास?"

"वहिनी, त्या गॅसचं नाव काढू नका हो आता," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

चिपळुणात एका नर्सने पडदा ओढला, वहिनींच्या अंगावर एक चादर टाकली आणि कार्डिओग्राम काढला. एवढंच. एक पडदा आणि एक चादर. तो कागद बघून डॉक्टरबाई पळतच आल्या. अटॅक होता, कालपासून चालू असावा. त्यांनी इंजेक्शनं सांगता-सांगता भावोजींना विचारलं, "त्रास कधीपासून?" भावोजी म्हणाले, "कालच सुरू झाला." मग त्या बाई वहिनींवर वाकल्या. "ताई, तुम्ही सांगा."

"गणपतीपासून," वहिनी म्हणाल्या.

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

वहिनींनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे ओळीने उभे होतो. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना सांगितलं."

नंतर त्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बसवून समजावलं. सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं बायकांच्या बाबतीत दर वेळी होत नाही. बऱ्याचदा जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, घाम येतो, दम लागतो, विलक्षण थकवा येतो. घरचे म्हणतात पित्त, आणि, त्या म्हणाल्या, आमच्यातलेही काही जण तेच म्हणतात. रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसवला, जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. काल आणलं असतं तर बराच वाचला असता. भावोजी हे ऐकून तिथंच बाकावर बसून पोरासारखे रडले. वाईट माणूस नाहीत ते. मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट असते तर त्यांना चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. चांगल्या-चांगल्या माणसांनी भरलेलं घर होतं ते, आणि त्या भरल्या घरात एक बाई गणपती ते शिमगा मरत होती.

वहिनी घरी आल्या. आता पाखाडी चढवत नाही. डोलीसारखं खुर्चीत बसवून वर न्यावं लागतं, म्हणून त्या वर जातच नाहीत. आणि गावात गोष्ट काय झाली माहीत आहे? "पायाळूच्या पायाने वाचली." भावोजी स्वतः सांगतात, रंगवून सांगतात, टाच कशी लागली आणि उसण नाही हे कसं कळलं. त्यात वहिनींचं ओढणं नाही, काढलेली दाढ नाही, न मिळालेली चादर नाही. पुढच्या खेपेला मी गेले तर एका बाईने चक्क माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे ओढून घेतला. म्हटलं, उठा हो, लाज वाटते मला.

आणि वहिनी काय करत होत्या? चुलीपाशी पाटावर बसून, मध्ये-मध्ये श्वास घेत, भावोजींची अळणी भाजी फोडणीला घालत होत्या. ज्याच्या हृदयाला काही झालेलं नाही त्याची! मी पळी हिसकावून घेतली आणि भावोजींच्या देखत त्या भाजीत मीठ टाकलं. ते निमूट जेवले. त्यांना काहीही झालं नाही.

यंदा शिमग्याला मी ओटीवर बसले होते, वहिनी शेजारी उशीला टेकून. शेजारच्या वाडीतला एक जण घाईघाईने आला. "काकी, येता का जरा? मंडळींच्या पाठीत उसण भरलीय. पाय लावा."

"घाम आलाय तिला?" मी विचारलं.

"आलाय थोडा. तो पित्ताचा."

"हातात काही? जबड्यात?"

"काय की बाबा. ते काय तिला विचारलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर आलेली शिवी मी गिळली, कारण वहिनींनी माझ्या मांडीवर हात ठेवला होता. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "जा गो. तुझ्या पायाचं ऐकतात."

मी चपला घातल्या. त्याला म्हटलं, "गाडी काढ. तिला त्यात बसव. पाय मी चिपळूणला हॉस्पिटलात लावीन."

"तिथं कशाला?"

"माझी टाच आता तिथंच लागते. आधी कार्डिओग्राम, मग पाय. नाहीतर गुण येत नाही."

त्याने हात जोडले आणि गाडीकडे धावला. बायकोला कुठे दुखतंय, ते त्याने तेव्हाही विचारलं नाही.